काल सोप्यावर सांगायचे राहून गेले

पणजी,
दि. 5 जानेवारी 2026

तीर्थरूप आई आणि बाबा यांना,
बायचा शिरसाष्टांग नमस्कार.

काल रविवारी मी घरी आले ती खरे तर एक गोष्ट सांगण्यासाठीच. जेवणे झाल्यावर सोप्यावर बसून बोलायचे, असे येताना मनाशी पक्के केले होते. पण बाबा आरामखुर्चीत पाय पसरून बसले, आईने भाजलेल्या काजूंची वाटी पुढे ठेवली आणि माझी जीभ उचलली नाही. निघताना आईने "आज गप्प गप्प का गे?" असे विचारले, तेव्हाही मी दमल्याचे कारण पुढे केले. फोनवर बोलले असते तर आईने फोन बाबांच्या हातात दिला असता आणि बाबांनी "बरे" म्हणून ठेवला असता. म्हणून लिहूनच सांगते.

येत्या 16 तारखेला मी दहा दिवसांसाठी अंदमानला जात आहे. तिथल्या स्वराज द्वीप या बेटावर, ज्याला 2018 पर्यंत हॅवलॉक म्हणत असत, समुद्राखालची प्रवाळे पाहण्यासाठी मी स्कूबा डायव्हिंग करणार आहे. तिकिटे काढली आहेत, रजा मंजूर झाली आहे. तुम्हाला आधी विचारायला हवे होते, हे मला कळते. पण विचारले असते तर आईच्या चेहऱ्याकडे पाहून मीच माघार घेतली असती, आणि पुढे कधीतरी, नकळत का होईना, त्याचा बोल तुम्हाला लावला असता. तसे होऊ नये असे मला मनापासून वाटले.

केरीच्या त्या दुपारपासून आपल्या घरात समुद्राचा विषय कोणी काढत नाही, हे मी विसरलेले नाही. दादा आणि मी समुद्रापासून हाकेच्या अंतरावर वाढलो, तरी गुडघाभर पाण्यापुढे कधी गेलो नाही, आणि त्याबद्दल तुम्हा दोघांवर माझा कधीही राग नव्हता. तुमच्या जागी मी असते तर मीही तेच केले असते. फक्त चाळिशी ओलांडल्यावर मला असे वाटू लागले की, ज्या पाण्याची इतकी वर्षे भीती बाळगली, ते पाणी आतून कसे आहे ते एकदा नीट शिकून पाहावे.

आणखी एक गोष्ट कबूल करायची आहे. कांपालच्या तलावात मी पोहायला जाते ती पाठीच्या दुखण्यासाठी, असे सांगितले होते. ते अर्धेच खरे होते. मागच्या वर्षी डिसेंबरात कार्यालयाचे प्रशिक्षण आहे म्हणून दोन रविवार आले नाही, तेव्हा मी डायव्हिंगचा अभ्यासक्रम पूर्ण करत होते आणि शेवटच्या चार डुबक्या ग्रँड बेटाजवळ आपल्याच समुद्रात घेत होते. हे खोटे मला तेव्हापासून बोचत राहिले आहे. मला क्षमा करा.

आई, लहानपणी न्हाणीघरात माझ्या डोक्यावर तांब्या ओतताना शिकेकाईचे पाणी डोळ्यांत जाऊ नये म्हणून तू डावा हात माझ्या कपाळावर आडवा धरायचीस आणि म्हणायचीस, "श्वास धर बाय, झाले आता." तलावातल्या पहिल्या धड्याला प्रशिक्षकांनी मास्कमध्ये मुद्दाम पाणी भरून घ्यायला लावले, तेव्हा ते पाणी नाकावरून डोळ्यांपर्यंत चढले आणि मी सवयीने श्वास धरला. त्यांनी हाताच्या खुणेने मला तो सोडायला सांगितले. मास्कची वरची कड कपाळाशी दाबून, मान किंचित वर करून नाकाने हळूहळू श्वास सोडला की आतले पाणी खालच्या कडेने निघून जाते. मी तसे केले, डोळे उघडले, आणि समोरची निळी फरशी स्वच्छ दिसू लागली. माझा हात तुझ्यासारखाच आडवा होता.

समुद्रात खाली असताना श्वास धरायचाच नसतो, हा पहिला नियम आहे. दर दहा मीटरला पाण्याचा दाब एका वातावरणाने, म्हणजे जमिनीवरच्या हवेच्या दाबाएवढा, वाढतो, त्यामुळे दहा मीटरवर छातीत घेतलेली हवा पृष्ठभागाशी येईपर्यंत दुप्पट फुगते. श्वास धरून घाईने वर येणाऱ्याच्या फुप्फुसांना इजा होते ती यामुळेच. म्हणून संथ श्वास घेत, मिनिटाला नऊ मीटरपेक्षा जास्त वेगाने नाही, असे वर यायचे आणि पाच मीटरवर तीन मिनिटे थांबायचे. माझ्या प्रमाणपत्राची मर्यादा 18 मीटरची आहे, म्हणजे मागील दारच्या जुन्या माडाच्या उंचीएवढी, आणि त्याखाली मी जाणार नाही.

पाठीवरच्या सिलिंडरात नुसता प्राणवायू नसतो, आपण घेतो तीच हवा गाळून आणि दाबून भरलेली असते. बारा लिटरच्या सिलिंडरात 200 बार दाबाला सुमारे 2400 लिटर हवा मावते. आई, गॅसचा नवा सिलिंडर आला की तू रेग्युलेटरपाशी साबणाचा फेस लावून बुडबुडे येतात का ते पाहतेस. आमच्याही साधनाला रेग्युलेटरच म्हणतात, त्यालाही तसाच रबरी वायसर असतो, आणि पाण्यात उतरल्यावर तिथून बुडबुडे येत नाहीत ना, हे जोडीदाराने पाहिल्याशिवाय कोणी खाली जात नाही. प्रत्येकाजवळ श्वासाची दोन तोंडे असतात, एक स्वतःसाठी आणि एक जोडीदारावर वेळ आली तर त्याच्यासाठी. माझी जोडीदार पर्वरीची माझी मैत्रीण आहे, जी माझ्याबरोबरच शिकली.

बाबा, तुम्ही 31 वर्षे केरी-तेरेखोलच्या फेरीबोटीवर काढलीत आणि आम्हाला नेहमी सांगत आलात की, पाण्यावर निघणाऱ्याने परतायची वेळ आधी ठरवावी. आम्हाला तेच शिकवले आहे. हवा निम्म्यावर येण्याआधी माघारी वळायचे, वर येताना 50 बार शिल्लक असलेच पाहिजेत, आणि मनगटावरचा डाइव्ह कॉम्प्युटर खोली व वेळ सतत दाखवत असतो. भरती-ओहोटीचे तुमच्याइतके ज्ञान मला नाही, पण खाडीच्या मुखाशी पाणी कसे ओढते ते तुमच्याबरोबर फेरीच्या कठड्याशी उभी राहून मी पाहिलेले आहे, आणि प्रवाह असलेल्या जागी उतरायला मी नकार देईन.

याच दिवसांत का, आणि आपल्याच समुद्रात का नाही, असे तुम्ही विचाराल. आपल्याकडे मांडवी आणि जुवारी इतका गाळ आणतात की ग्रँड बेटाजवळ मला पुष्कळदा चार-पाच मीटरपलीकडचे दिसत नव्हते. अंदमानात मे महिन्यापासून एक पाऊस आणि ऑक्टोबरनंतर ईशान्येचा दुसरा पाऊस असतो. जानेवारी ते मार्च या काळात समुद्र शांत असतो आणि पाणी 28 अंशांच्या आसपास उबदार असते, त्यामुळे थंडी बाधेल ही काळजी नको. शिवाय ही प्रवाळे माझी वाट पाहत थांबणार नाहीत. पाणी नेहमीपेक्षा जास्त तापले की ती आपल्या अंगातले शैवाल टाकून देतात आणि पांढरी पडतात. अंदमानात 1998, 2010 आणि 2016 मध्ये असे झाले आहे. जे उरले आहे ते मला पाहायचे आहे. मागच्या हिवाळ्यात जायचे राहिले ते बाबांच्या मोतीबिंदूमुळे नव्हे, असे मी आता शपथेवर सांगते. तेव्हा माझीच तयारी झालेली नव्हती.

या वर्षी देवीचा काला नेमका त्याच आठवड्यात येतो, ही गोष्ट मला सर्वांत जास्त लागली आहे. ओटीचे सामान मी आधीच आणून देईन, आणि ती भरायला वहिनी येते असे म्हणाली आहे. बाबांनी रात्रभर दशावतार पाहत उघड्यावर बसू नये. पहिला प्रवेश झाला की घरी यावे. 18 च्या रविवारी तुमचे जावई मुलांना घेऊन येतील, उकडे तांदूळ आणि सुके बांगडे आणतील. बाबांच्या गोळ्या मी सकाळ-रात्र अशा वेगळ्या डब्यांत भरून ठेवीन; रात्रीची गोळी जेवणानंतरच घ्यायची, रिकाम्या पोटी नाही. सोमवारी साखर तपासायला माणूस घरी येईल. आईने माझ्यासाठी नवस म्हणून एकही उपास करायचा नाही, कारण तुझा रक्तदाब उपासाने कसा खाली येतो ते आपण गणपतीत पाहिले आहे. बाबांनी स्कूटर बाहेर काढायची नाही, पोफळीच्या पन्हळीकडे जायचे नाही, आणि काही वाटले तर माझी वाट न पाहता 108 ला फोन करायचा. जरा अधिकारवाणीने लिहिते आहे, रागावू नका.

मी रोज संध्याकाळी सात वाजता व्हिडिओ कॉल करीन. 2020 पासून चेन्नईहून अंदमानपर्यंत समुद्राखालून केबल गेलेली आहे, त्यामुळे बोलणे तुटणार नाही, असे वाटते. एखाद्या दिवशी फोन आला नाही तर आठपर्यंत थांबावे, कारण होडी उशिरा परतू शकते.

शेवटची डुबकी 23 तारखेला दुपारी आहे. एकापेक्षा जास्त डुबक्या घेतल्यावर निदान अठरा तास विमानात बसायचे नसते, कारण रक्तात विरघळलेला नायट्रोजन उंचावर बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर येऊ शकतो. म्हणून विमान 25 चे घेतले आहे, आणि 24 चा दिवस मी श्री विजयपुरम येथे, म्हणजे तुमच्या आमच्या पोर्ट ब्लेअरला, सेल्युलर जेलमध्ये घालवणार आहे. बाबा, तुम्हाला ते पाहायचे आहे आणि मी तुमच्या आधी जाते आहे, हे मला बरे वाटत नाही. सातांपैकी तीनच पाखे आता उभी आहेत. सावरकरांच्या कोठडीपर्यंत किती पायऱ्या आहेत आणि तुमच्या गुडघ्यांना त्या झेपतील का, ते मी नीट पाहून येईन. झेपत असतील तर पुढच्या जानेवारीत आपण तिघे जाऊ, आणि तेव्हा मी पाण्यात पाऊल टाकणार नाही.

विमान मोपाहून पहाटे असल्यामुळे 15 च्या रात्री मी आपल्याच घरी झोपायला येते. मास्क बरोबर आणीन, आईने तो हातात घेऊन पाहावा. माझ्या जाण्या-येण्याच्या आणि प्रत्येक डुबकीच्या परतीच्या वेळा एका कागदावर लिहिल्या आहेत. तो बाबांनी दिनदर्शिकेशेजारी, जुन्या फेरीच्या वेळापत्रकाच्या खिळ्याला अडकवावा.

तुमची,
बाय

ता. क. : दादाला अजून काही कळवलेले नाही. त्याचा फोन आला तर विषय काढू नये, मी स्वतः बोलेन.