एक हदीस छापताना तिच्या जोडीची हदीसही छापा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

रमजान आणि बकरी ईदच्या सुमारास अनेक वृत्तपत्रांत चौकटीत एखादी हदीस, म्हणजे पैगंबर मुहम्मद (सल्ल.) यांच्या वचनाची किंवा कृतीची नोंद, छापून येते. तिचा फोटो मोबाईलवर फिरतो आणि दोन दिवसांत कोणीतरी तिच्या नेमकी उलट दिसणारी हदीस पाठवतो. मग कोणी म्हणते समोरच्याची हदीस बनावट, तर कोणी म्हणते सगळ्या हदीसच एकमेकींना खोडतात. दोन्ही निष्कर्ष घाईचे आहेत. वरवर विरोधी दिसणाऱ्या हदीस कशा वाचाव्यात, यासाठी ‘मुख्तलिफुल हदीस’ नावाची ज्ञानशाखाच आहे. इमाम शाफई (निधन इ. स. ८२०) यांनी या विषयावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. पुढे इब्न कुतैबा आणि इजिप्तचे हनफी (इमाम अबू हनीफांच्या परंपरेतले) इमाम तहावी (निधन ९३३) यांनी हे काम फार खोलवर नेले.

सुरुवात सनदेपासून, म्हणजे कोणी कोणाकडून ऐकले या साखळीपासून होते. एक हदीस सहीह (भरवशाची) आणि दुसरी जईफ (कमकुवत) असेल, तर तिथे विरोध मानायचे कारणच उरत नाही. मोबाईलवरचे निम्मे वाद इथेच मिटावेत, पण सनद विचारतो कोण?

दोन्ही सहीह निघाल्या तर पुढचा क्रम इब्न हजर (निधन १४४९) यांनी नेटका मांडला आहे. आधी दोन्हींचा मेळ घालून पाहायचा. तो बसला नाही तर आधीची कोणती, नंतरची कोणती हे शोधायचे. तेही कळले नाही तर सबळ पुराव्याच्या हदीसला प्राधान्य द्यायचे आणि तेवढेही जमले नाही तर निर्णय राखून ठेवायचा. हनफी पद्धतीत सहसा काळ आधी पाहतात, मग प्राधान्य, मग मेळ.

कुर्बानीच्या मांसाचे उदाहरण पाहा. हदीस-संकलक इमाम बुखारींच्या संग्रहात पैगंबरांचे साथीदार सलमा इब्न अकवा सांगतात की, तिसऱ्या रात्रीनंतर कुर्बानीचे मांस घरात शिल्लक राहू नये, असे पैगंबरांनी (सल्ल.) फर्मावले. पुढच्या वर्षी लोकांनी विचारले, यंदाही तसेच करायचे का? उत्तर आले: खा, खाऊ घाला, साठवा, गेल्या वर्षी लोक अडचणीत होते, तुम्ही त्यांना मदत करावी अशी माझी इच्छा होती. दुसरे संकलक इमाम मुस्लिम यांच्या संग्रहात पैगंबरांच्या पत्नी हजरत आयशा कारणही सांगतात: त्या ईदला वाळवंटातली गरजू माणसे मदिनेत आली होती. यातले पहिले वाक्य तेवढे उचलले तर फ्रीजमध्ये मांस ठेवणारे प्रत्येक घर दोषी ठरते. हजरत अलींनीही नंतरच्या एका ईदच्या खुतब्यात (प्रवचनात) तीन दिवसांची मनाई सांगितल्याची नोंद आहे.

इमाम शाफईंनी ‘रिसाला’ या आपल्या ग्रंथात यावर बारकाईने विचार केला आहे. ही मनाई कायमची रद्द झाली, की ती कारणाला बांधलेली आहे आणि कारण परत आले की मनाईही परत येते? हा प्रश्न पुस्तकी नाही. २०१९ मध्ये बकरी ईद १२ ऑगस्टला आली, तेव्हा कोल्हापूर-सांगलीचा महापूर पुरता ओसरला नव्हता. कारणाला बांधलेला अर्थ धरला, तर अशा ईदला मांस साठवायचे नाही, वाटायचे. मला हाच अर्थ अधिक पटतो, कारण तो दोन्ही हदीसना कामाला लावतो.

कोरोनाकाळात अशाच दोन हदीस एकमेकींसमोर उभ्या केल्या गेल्या. एकीत ‘संसर्ग नाही’ असे शब्द आहेत, दुसरीत आजारी उंट निरोगी उंटांत आणू नयेत अशी ताकीद. इब्न सलाह यांच्यासारख्या विद्वानांनी घातलेला मेळ असा: आजार ईश्वरी इच्छेशिवाय स्वतःच्या बळावर पसरतो, ही जुनी समजूत पहिली हदीस नाकारते, जपायला मात्र दुसरी सांगते. आचरणही तसेच आहे. सीरियात साथ असल्याचे कळल्यावर खलिफा हजरत उमर सर्ग या ठिकाणाहून माघारी फिरले. साथीच्या मुलखात जाऊ नका आणि तिथे असाल तर पळून बाहेर पडू नका, ही हदीस अब्दुर्रहमान इब्न औफ यांनी त्यांना तिथेच ऐकवली.

काळ पाहून सुटणारी जोडी कबरींच्या भेटीची. ‘मी तुम्हाला मनाई केली होती, आता भेट देत जा’ हे इमाम मुस्लिम यांच्या संग्रहातले वाक्य दोन्ही हुकूम आणि त्यांचा क्रम एकत्रच सांगते. कबरींना जाणाऱ्या स्त्रियांवरील शापाची हदीस देताना खुद्द संकलक तिरमिझी नोंदवतात की, काही विद्वानांच्या मते ती या परवानगीच्या आधीची आहे. बाबूजमाल दर्ग्यात जाणाऱ्या बायाबापड्यांना अर्धीच हदीस ऐकवणे म्हणूनच अन्यायाचे आहे. फेरफार न पाहता जुन्या सातबाऱ्यावर व्यवहार करण्यासारखे ते आहे. मात्र काळाच्या नावावर उलटी चूकही होते. न पटणारी हदीस ‘रद्द झाली’ म्हणून बाजूला सारतात. त्यासाठी पैगंबरांचे वचन, सहाबींची (पैगंबरांच्या साथीदारांची) स्पष्ट साक्ष किंवा पक्की तारीख लागते. रावी, म्हणजे हदीस सांगणारा, उशिरा मुसलमान झाला एवढ्यावर भागत नाही, कारण त्याने ती गोष्ट एखाद्या जुन्या सहाबीकडून ऐकलेली असू शकते.

काही जोड्या मात्र सुटत नाहीत, आणि ते मान्य केले पाहिजे. नमाजमध्ये रुकूला (कमरेत वाकायला) जाताना हात उचलण्याची इब्न उमर यांची हदीस बुखारी आणि मुस्लिम दोघांकडे आहे. फक्त सुरुवातीलाच हात उचलण्याची इब्न मसऊद यांची हदीस तिरमिझी आणि अबू दाऊद यांच्याकडे आहे. तिच्या सनदेबद्दल मुहद्दिसांत (हदीसतज्ज्ञांत) मतभेद आहेत. शाफई, म्हणजे इमाम शाफईंचे अनुयायी, पहिलीला प्राधान्य देतात, हनफी इब्न मसऊद यांच्या फिकहच्या (धर्मशास्त्राच्या) अधिकाराला. कोल्हापुरात हनफी जास्त, कोकणातली बरीच कुटुंबे शाफई. एकाच रांगेत दोघे उभे राहतात आणि दोघांचीही नमाज होते.

म्हणून आपल्याला विनंती की, हदीस छापताना संग्रहाचे आणि प्रकरणाचे नाव द्यावे. नुसता क्रमांक पुरत नाही, आवृत्तीगणिक तो बदलतो. रावीचे नाव आणि प्रसंग द्यावा, वाक्य मध्येच तोडू नये. त्याच विषयावर दुसरी प्रसिद्ध हदीस असेल तर तीही एका ओळीत द्यावी. शक्य तर मजकूर आधी एका हनफी आणि एका शाफई आलिमांच्या (धर्मविद्वानांच्या) नजरेखालून घालावा. चौकटीत एवढी जागा नसेल, तर त्या दिवशी हदीस न छापलेली बरी.

आपला,
एक वाचक, कोल्हापूर