टिफनी एकिंगची पाच पुस्तकं

चि. सई हिस,
अनेक आशीर्वाद.

जादूची एखादी मोठी मालिका सुचव म्हणालीस, आणि अट घातलीस की मुलगी नायकाच्या मागे मागे फिरणारी नको. तुझ्या अटीला पुरून उरेल अशी मालिका आहे टेरी प्रॅचेट यांची टिफनी एकिंग. पहिलं पुस्तक पार्सलमध्ये ठेवलं आहे. सुरू करण्याआधी हे पत्र पूर्ण वाच. बऱ्याच जणांचं ही मालिका वाचताना नेमकं कुठे अडतं, ते यात लिहिलं आहे.

सगळ्यात आधी क्रम. प्रॅचेट यांनी डिस्कवर्ल्ड नावाच्या एकाच जगावर ४१ कादंबऱ्या लिहिल्या. ते जग थाळीसारखं सपाट आहे. चार हत्तींनी ते पाठीवर पेललंय आणि ते हत्ती एका प्रचंड कासवावर उभे आहेत. दुकानात विचारलंस तर कुणीही १९८३ चं ‘द कलर ऑफ मॅजिक’ हातात देईल, कारण ते पहिलं. तिथून सुरुवात करू नकोस. त्यात जुन्या जादूकथांची थट्टा आहे, आणि त्या कथा वाचलेल्या नसतील तर निम्मे विनोद डोक्यावरून जातात. टिफनीची पुस्तकं याच ४१ मधली पाच, पण ती स्वतंत्रपणे वाचता येतात: ‘द वी फ्री मेन’ (२००३), ‘अ हॅट फुल ऑफ स्काय’ (२००४), ‘विंटरस्मिथ’ (२००६), ‘आय शॅल वेअर मिडनाइट’ (२०१०) आणि ‘द शेफर्ड्स क्राउन’ (२०१५). हा क्रम मोडू नकोस. टिफनी पहिल्या पुस्तकात नऊ वर्षांची आहे, दुसऱ्यात अकरा, तिसऱ्यात तेराला टेकलेली, चौथ्यात सोळाच्या उंबरठ्यावर. मधलं एखादं गाळलंस तर तिचं वाढणं हातातून निसटेल.

टिफनी राहते ‘द चॉक’ नावाच्या मुलखात. खडूच्या मऊ पांढऱ्या दगडाच्या टेकड्या, वर आखूड गवत आणि जिकडेतिकडे मेंढ्या. इंग्लंडच्या दक्षिणेत अशा टेकड्या खरोखर आहेत आणि प्रॅचेट त्याच भागात, विल्टशरमध्ये, राहायचे. म्हणून त्यातली माती, मेंढ्यांचे रोग, कोकरं जन्मण्याचा हंगाम हे सगळं अस्सल उतरलंय. टिफनीच्या घरी मेंढपाळी चालते आणि लोणी-चीज करण्यात तिचा हात धरणारं कुणी नाही.

आता ती खंबीर कशी, ते बघ. पहिल्याच प्रकरणात नदीतून एक हिरवी जलराक्षशीण डोकं वर काढते. टिफनी घरी येऊन परीकथांचं पुस्तक उघडते. त्यात लिहिलेलं असतं की हिचे डोळे सूपच्या बशीएवढे असतात. मग ती स्वयंपाकघरात जाऊन खरी बशी मोजते. आठ इंच. आकडा पटला, तेव्हा ती लोखंडी तवा घेते, धाकट्या भावाला गोळ्यांची पिशवी देऊन नदीकाठी बसवते आणि राक्षशीण वर येताच तवा हाणते. भावाला आमिष म्हणून बसवणं बरोबर होतं का, हा प्रश्न पुस्तक सोडून देत नाही. टिफनीही देत नाही.

त्याहून महत्त्वाची गोष्ट भट्टीची. गावात एक दात पडलेली, एकटी म्हातारी होती. सरदाराचा मुलगा बेपत्ता झाला आणि लोकांनी ठरवलं की हिनेच त्याला भट्टीत भाजलं. तिचं घर गेलं, पुस्तकं जाळली, आणि हिवाळ्यात ती बर्फात मेली. टिफनी नंतर त्या घरात जाऊन भट्टी बघते. त्यात मुलगा मावणंच शक्य नव्हतं. कुणीच बघितलं नव्हतं. ती चेटकीण व्हायचं ठरवते ते या कारणासाठी, पुन्हा असं होऊ नये म्हणून. हे वाचताना आपल्याकडच्या सातपुड्यातल्या, डाकीण ठरवून छळलेल्या बायका आठवल्याशिवाय राहत नाहीत. महाराष्ट्राने २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा केला, त्यात असा छळ गुन्हा आहे. तुमच्या वाचनालयात त्या कायद्याची मराठी पुस्तिका मिळाली तर जरूर चाळ.

पहिल्या पुस्तकात तीन ठिकाणी गाडी अडते. एक, बुटक्यांची भाषा. नॅक मॅक फीगल हे सहा इंच उंचीचे, निळ्या अंगाचे, लाल केसांचे भांडकुदळ लोक स्कॉटिश वळणाची इंग्रजी बोलतात. शब्द अडला की शब्दकोश उघडू नकोस, वाक्य मोठ्याने म्हण. ‘केन’ म्हणजे ठाऊक असणं, ‘वी’ म्हणजे छोटं, ‘बिगजॉब’ म्हणजे आपल्यासारखा मोठा माणूस, ‘हॅग’ म्हणजे चेटकीण, ‘केल्डा’ म्हणजे त्यांच्या टोळीची राणी आणि आई. एवढ्यावर पहिली पन्नास पानं निघतात, पुढे कान सरावतो. तरीही जड गेलं तर स्टीफन ब्रिग्ज यांनी वाचलेलं ऑडिओबुक लावून पुस्तक समोर धर. ‘विंटरस्मिथ’मध्ये या शब्दांची छोटी सूचीही दिली आहे, आधीच बघून ठेव.

दुसरं, आजी. ग्रॅनी एकिंग गोष्ट सुरू होण्याआधीच वारलेली आहे, पण तिच्या आठवणी मजकुरात कसलीही खूण न करता मिसळतात. तंबाखूचा किंवा टर्पेंटाइनचा वास आला की समज, आपण मागच्या काळात गेलो. हीच पानं मला सबंध मालिकेत सर्वांत सुंदर वाटतात. मेंढपाळाला पुरताना त्याच्याबरोबर लोकरीचा पुंजका ठेवतात, का ते तिथे वाच. घाईने ओलांडू नकोस.

तिसरं, परीराज्य. तिथे ड्रोम नावाचे प्राणी स्वप्नं विणतात आणि माणसाला त्यात अडकवतात, स्वप्नात काही खाल्लं की सुटका नाही. त्यामुळे प्रकरणाच्या मध्येच दृश्य बदलतं. गोंधळलीस तर तो छपाईचा दोष नाही. टिफनीही तेव्हा गोंधळलेलीच असते. आणि तळटीपा लगेच वाच, शेवटी एकदम नको. अर्धा विनोद तिथे आहे. म्हणूनच मोबाइलवर वाचण्यापेक्षा छापील प्रत बरी.

दुसऱ्या पुस्तकात ती शिकायला जाते आणि तिची निराशा होते, कारण चेटकिणींचं काम म्हणजे घरोघर फिरणं, बाळंतपणं करणं, म्हाताऱ्यांच्या पायाची नखं कापणं. पैसे कुणी देत नाही, जुने कपडे आणि खायला मिळतं. जादू जवळपास नाहीच. इथे कंटाळून पुस्तक मिटणारे पुष्कळ. मिटू नकोस, कारण चांदीचे दागिने घालून मिरवणाऱ्या शिकाऊ मुली आणि सगळ्या चेटकिणी जिला मानतात ती म्हातारी चेटकीण ग्रॅनी वेदरवॅक्स यांच्यातला फरक याच कामात उलगडतो. टिफनीची एक लकबही लक्षात ठेव: आरसा नसला की ती ‘सी मी’ म्हणून स्वतःच्या शरीराबाहेर पडते आणि स्वतःला बघते. तेवढा वेळ शरीर रिकामं राहतं. पुढचं मी सांगत नाही.

तिसऱ्यात साक्षात हिवाळाच तिच्या प्रेमात पडतो, तिच्या आकृतीचे हिमकण पाडतो. कौतुक वाटतं, पण त्याच बर्फात मेंढ्या आणि कोकरं मरतात.

चौथं पुस्तक आत्ता वाचू नकोस, दोन-तीन वर्षं थांब. त्याच्या सुरुवातीलाच एक बाप आपल्या गरोदर, अल्पवयीन मुलीला मारतो आणि तिचं पोटातलं बाळ जातं. ते फार संयमाने लिहिलंय, पण हलकं नाही. मैत्रिणीकडून मिळालं आणि वाचलंसच, तर रात्री एकटी वाचू नकोस आणि मला फोन कर. मला ते प्रकरण नीट ठाऊक आहे, हवं तेवढं बोलू. पाचवं त्याच्यानंतर. मार्च २०१५ मध्ये प्रॅचेट गेले आणि ऑगस्टमध्ये ते आलं. काही भाग विरळ वाटतात, कारण त्यांना हात फिरवायला वेळ मिळाला नाही. पण सुरुवातीची दोन-तीन प्रकरणं त्यांच्या उत्तम लेखनात बसतील. रुमाल जवळ ठेव.

तोवर ग्रॅनी वेदरवॅक्स आवडली, तर मधल्या काळात ती ज्यात आहे ते प्रॅचेट यांचंच ‘विअर्ड सिस्टर्स’ (१९८८) वाचता येईल. शेक्सपियरच्या मॅकबेथ नाटकाची गोष्ट ठाऊक असेल तर जास्त मजा येते, ती मी सुट्टीत सांगेन. दुसरं आणि तिसरं पुस्तक कपाटात आणून ठेवलंय. पहिलं संपलं की कळव, लगेच पाठवते.

तुझी,
आई