पाळी का थांबते, याचा हिशेब

मा. संपादक,
स. न. वि. वि.

धावपटू, जिम्नॅस्ट किंवा जलतरणपटू मुलीची पाळी तीन-तीन महिने आली नाही, तरी मैदानावर कुणाला त्याचं काही वाटत नाही. ‘एवढा सराव म्हटल्यावर होणारच’ म्हणून विषय संपतो. काही मुलींना तर कटकट मिटली असंच वाटतं. पण नुसत्या व्यायामाने सहसा पाळी थांबत नाही. व्यायामात गेलेली ऊर्जा खाण्यातून भरून निघाली नाही, की थांबते. हा फरक कळला नाही, तर उपायही चुकतो.

हिशेब शाळेतल्या गणिताइतका सोपा आहे. दिवसभरात खाल्लेल्या कॅलरींतून सरावात खर्ची पडलेल्या वजा करा आणि उरलेल्यांना शरीराच्या चरबीविरहित वजनाने भागा. उत्तर 45 च्या आसपास असेल, तर शरीराचा कारभार नीट चालतो. 30 च्या खाली गेलं, तर पाच दिवसांतच पाळीच्या संप्रेरकांची लय बिघडल्याचं प्रयोगांत दिसलं आहे. (30 ही काही काळ्या दगडावरची रेघ नाही, कुणाचं त्याआधीही बिनसतं.) 50 किलो वजन आणि 20 टक्के चरबी असलेल्या मुलीचं चरबीविरहित वजन 40 किलो. तिने 1700 कॅलरी खाल्ल्या आणि सरावात 700 जाळल्या, तर उरल्या 1000. भागिले 40, म्हणजे 25. तिचं ताट पाहून कुणी तिला उपाशी म्हणणार नाही, पण 45 च्या हिशेबाने तिची गरज 2500 ची आहे (40 गुणिले 45 म्हणजे 1800, अधिक सरावाच्या 700). भुकेवर विसंबावं, तर जोरकस सरावानंतर भूकच मरते. वजनकाट्यावरही विसंबता येत नाही, कारण शरीर आपला खर्च आवरतं आणि वजन आहे तिथेच राहू शकतं.

ऊर्जा तुटली की मेंदूतल्या हायपोथॅलॅमसकडून पिट्युटरी ग्रंथीला जाणारे इशारे विरळ होतात, अंडाशयाला चालना मिळत नाही आणि एस्ट्रोजेन हे संप्रेरक घसरतं. पुष्कळदा आधी बीज बाहेर पडणं बंद होतं आणि रक्तस्राव मात्र चालू राहतो, त्यामुळे ‘पाळी येते ना, मग ठीक’ हेही पुरेसं नाही.

खरी किंमत हाडं मोजतात. आयुष्यभराच्या हाडांच्या साठ्यापैकी सुमारे 90 टक्के साठा विशीच्या आत तयार होतो आणि नेमक्या त्याच वर्षांत हाडं जपणारं एस्ट्रोजेन कमी पडतं. नडगीत किंवा पावलाच्या हाडांत बारीक तडे जातात. खुब्याजवळचं दुखणं अंगावर काढून धावत राहिलं, तर हाड पूर्ण मोडू शकतं. वर्षभरात दुसऱ्यांदा असा तडा गेला, तर बूट बदलण्याआधी पाळीची चौकशी करावी.

आता दोन चुका. सोनोग्राफीत अंडाशयात बारीक गाठी दिसल्या की ‘पीसीओडी’ या अंडाशयाच्या विकाराचा शिक्का बसतो आणि वजन उतरवायला सांगितलं जातं. तशा गाठी ऊर्जेच्या तुटीतही दिसू शकतात आणि अशा मुलीला कमी खायला लावणं म्हणजे आगीत तेल. दुसरी चूक गर्भनिरोधक गोळ्यांची. त्यांनी दर महिन्याला रक्तस्राव होतो, मूळ तूट तशीच राहते, हाडांना फारसा आधार मिळत नाही. वर धोक्याची घंटाच बंद होते.

पंधराव्या वर्षापर्यंत पाळी आली नसेल किंवा येणारी पाळी तीन महिने थांबली असेल, तर डॉक्टरांकडे जावं. गर्भधारणा, थायरॉइड, प्रोलॅक्टिन हे संप्रेरक हे सगळं आधी तपासायला हवं, कारण प्रत्येक चुकलेली पाळी सरावामुळेच असते असं नाही. ऊर्जेचीच तूट निघाली, तर रोज 300 ते 600 कॅलरी वाढवाव्यात, सराव थोडा उतरवावा, रिकाम्या पोटी धावणं बंद करावं आणि सरावानंतर लगेच खावं. पाळी परतायला अनेक महिने लागतात, हाडांना त्याहून जास्त. दोन आठवड्यांत फरक दिसला नाही म्हणून सोडून देऊ नये.

आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने 2014 मध्ये या अवस्थेला ‘रेड-एस’ (खेळातली सापेक्ष ऊर्जा-तूट) हे नाव दिलं. पुरुष खेळाडूही त्यातून सुटलेले नाहीत. प्रशिक्षकांनी निदान सगळ्यांसमोर वजन करणं थांबवावं. पाळीच्या तारखांची नोंद मुलीने स्वतःजवळ ठेवावी आणि ती कुणाला दाखवायची, हे तिनेच ठरवावं.

आपली,
क्रीडाविज्ञानाची एक अभ्यासक