संन्यासी माणसाचं राजकारणात काय काम, असं विचारलंस म्हणून

प्रिय मित्रा,

परवा फोनवर बोलता बोलता तू एकदम म्हणालास की भगवे कपडे घातले की माणसाने मठात बसावं, इलेक्शन-बिलेक्शनच्या भानगडीत पडू नये, आणि मी गप्प बसलो. गप्प बसलो कारण मला हो पण म्हणवेना आणि नाही पण म्हणवेना. आजकाल जे चाललंय ते बघून तुझं पटतंच, पण आपण मराठवाड्यातली माणसं, आपल्याला असं सरसकट बोलता येत नाही रे, आपल्याकडे निजामाविरुद्धचा लढा चालवणारे स्वामीजी होऊन गेले. तेव्हापासून डोक्यात तेच चाललंय म्हणून आज लिहायलाच बसलो, लांबलं तर समजून घे.

स्वामी रामानंद तीर्थ म्हटलं की आपल्याला काय आठवतं, नांदेडचं विद्यापीठ आणि १७ सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिदिनाला, हार घातलेला फोटो. बास. शाळेत आपण दरवर्षी त्या फोटोसमोर उभे राहायचो पण हा माणूस नक्की कोण होता हे मला तिशी उलटल्यावर कळलं, याचं खरंच वाईट वाटतं.

मूळ नाव व्यंकटेश भगवानराव खेडगीकर, जन्म ३ ऑक्टोबर १९०३. शिक्षण सोलापूरला आणि मग पुण्याला टिळक महाविद्यालयात. त्यानंतर ते देवाधर्माकडे नाही तर ना. म. जोशींकडे गेले, म्हणजे कामगार चळवळीतले जोशी, ज्यांनी आयटक या कामगार संघटनेची उभारणी केली ते. त्यांचे सेक्रेटरी म्हणून काम केलं. म्हणजे बघ, भगवं नेसायच्या आधी हा माणूस गिरणी कामगारांचे प्रश्न समजून घेत होता. मग तिथून कुठे, तर हिप्परग्याला, लोहाऱ्याजवळच्या त्या खेड्यात, असहकाराच्या काळात १९२१ ला निघालेल्या राष्ट्रीय शाळेचे हेडमास्तर! संन्यास घेतला तो तिथे शिकवत असताना, नारायण तीर्थांकडून. आणि दीक्षा घेऊन हिमालयात गेले नाहीत, परत वर्गात आले, मुलांना शिकवायला. पुढे अंबाजोगाईला योगेश्वरी विद्यालय, तिथेही तेच, सोबत बाबासाहेब परांजपे. मला तर या एका गोष्टीतच तुझ्या प्रश्नाचं निम्मं उत्तर दिसतं. त्यांचा संन्यास म्हणजे स्वतःचं घर-संसार नाही, जमीनजुमला नाही, म्हणून सगळा वेळ लोकांचा, एवढा साधा हिशोब होता.

आता हैदराबादच्या निजामाच्या राज्यात, आपला मराठवाडा तेव्हा त्यातच होता, शाळा चालवणं हेच राजकारण होतं हे आपल्याला आज लक्षात येत नाही. राज्यात बहुतेक लोक तेलुगू, मराठी, कन्नड बोलणारे आणि कारभार आणि वरचं शिक्षण सगळं उर्दूत. सभा घ्यायची तर गश्ती निशाण ५३ हा सरकारी हुकूम आडवा यायचा, म्हणजे परवानगीशिवाय सभा नाही. अशा ठिकाणी मास्तर मुलांना स्वतःच्या भाषेत विचार करायला शिकवतो म्हणजे सरकारच्या दृष्टीने तो भडकवतोच आहे ना. १९३८ ला हैदराबाद स्टेट काँग्रेस काढायचं ठरलं आणि ती नीट उभी राहायच्या आधीच निजामाने बंदी घातली. स्वामीजींनी सत्याग्रह केला, तुरुंगात गेले. बंदी उठली थेट १९४६ ला. आठ वर्षं बंदीत असलेला पक्ष जिवंत ठेवायचा म्हणजे काय असेल विचार कर, १९४० ला परत वैयक्तिक सत्याग्रह, परत जेल.

आणि १५ ऑगस्ट १९४७. सगळा देश झेंडे लावतोय आणि हैदराबाद संस्थानात तिरंगा लावणं गुन्हा. त्याच दिवशी स्वामीजींना उचललं. नोव्हेंबरअखेर निजाम आणि भारत सरकारमध्ये जैसे थे करार झाला तेव्हा सोडलं आणि २६ जानेवारी १९४८ ला परत आत टाकलं. मग बाहेर आले ते थेट भारतीय फौजांची पोलीस ॲक्शन झाल्यावर, १७ सप्टेंबरनंतर. म्हणजे ज्या वर्षभरात सगळं घडलं त्यातला जवळजवळ सगळा काळ नेता जेलमध्ये, आणि तरी उमरखेड, बार्शी, मनमाड असे सरहद्दीवरचे लढ्याचे कॅम्प चालू होते, लढ्यासाठी उमरीची बँक लुटून आणलेल्या २० लाखांच्या वर रकमेचा पै-पैचा हिशोब ठेवला गेला आणि नंतर सरकारजमा केला. अशी माणसं वरून हुकूम देऊन तयार होत नाहीत, ती शाळेत घडवावी लागतात. त्यातले कितीतरी हिप्परगा, अंबाजोगाईच्या वर्गातून आलेले होते.

आमची आजी रझाकारीच्या, म्हणजे निजामाच्या बाजूच्या सशस्त्र टोळ्यांच्या जुलमाच्या, गोष्टी सांगायची, रात्री ज्वारीत लपून बसायचं, पोराच्या तोंडावर हात ठेवायचा. पण तीच आजी आवाज खाली करून हेही सांगायची की ॲक्शननंतर शेजारच्या मुसलमान घरांचं काय झालं. भारत सरकारने पाठवलेल्या सुंदरलाल समितीने पुढे तेच नोंदवलं, उस्मानाबाद, नांदेड, गुलबर्गा, हजारो गेले, ज्यांचा रझाकारांचा म्होरक्या कासिम रझवी याच्याशी काही संबंध नव्हता अशीही माणसं. म्हणून मला स्वामीजींची एक गोष्ट फार मोठी वाटते. भगवं नेसलेला माणूस, समोर मुस्लिम राजा, प्रजा बहुसंख्य हिंदू. हिंदू विरुद्ध मुसलमान अशी आग लावणं किती सोपं होतं! त्यांनी कायम सांगितलं की लढा जबाबदार राज्यपद्धतीसाठी आहे, निजामाच्या सत्तेशी आहे, कुणाच्या धर्माशी नाही. त्यांनी त्या कपड्यावर मत मागितलं नाही. आजच्या लोकांत आणि त्यांच्यात हाच फरक आहे असं माझं स्पष्ट मत आहे, तुझं वेगळं असेल तर लिही.

जिंकल्यावर मात्र त्यांच्या वाट्याला काय आलं तर गटबाजी. काँग्रेसमध्ये दोन तट होतेच, जवळचे गोविंदभाई श्रॉफ बाहेर पडले, १९५२ ला मुख्यमंत्री झाले बूर्गुल रामकृष्णराव. स्वामीजी लोकसभेत गेले, आधी गुलबर्ग्यातून, १९५७ ला औरंगाबादमधून. मंत्रिपद नाही. आणि तिथे बसून त्यांनी काय मागितलं तर हैदराबाद राज्य मोडा! आठ जिल्हे तेलुगू, पाच मराठी, तीन कन्नड, ज्याला त्याला आपापल्या भाषेच्या राज्यात जाऊ द्या. नेहरूंना हे सुरुवातीला पटत नव्हतं. ज्या राज्याच्या मोकळीकीसाठी इतकी वर्षं जेल भोगली, ज्या राज्यात त्यांचं वजन होतं, तेच राज्य नकाशावरून गेलं तरी चालेल म्हणणारा माणूस आहे हा. १ नोव्हेंबर १९५६ ला ते खरंच गेलं. आपण मराठवाडा म्हणून महाराष्ट्राच्या वाटेला लागलो ते तेव्हा.

नंतर इलेक्शन सोडलं, खादी, भूदान, शिक्षणसंस्था यातच राहिले. २२ जानेवारी १९७२ ला हैदराबादला गेले. समाधी बेगमपेठेला आहे, पी. व्ही. नरसिंह राव त्यांना गुरू मानायचे.

हिप्परग्याला मी अजून गेलेलो नाही, इतक्या जवळ असून. येत्या सतराला सुट्टी आहे, तू येणार असशील तर गाडी माझी, सकाळी लवकर निघू म्हणजे ऊन चढायच्या आत पोचू. काकूंना नमस्कार सांग, आणि फोन नको करूस, पत्रच लिही, फोनवर तू मला बोलूच देत नाहीस.

तुझाच