टीव्ही हलणार नाही

ती. आई आणि बाबांना साष्टांग नमस्कार,

आई, आधी तुझ्याशी बोलते. बाबांनी क्रिकेट बघू नये म्हणून टीव्ही दादाकडे पाठवायचा म्हणतेस, तो जाणार नाही. काल त्याच्याशी बोलले, आणि खेळाच्या चॅनेलांचे वर्षाचे पैसेही भरून टाकले. तुला न विचारता केलं म्हणून रागावू नकोस. तुझी काळजी खोटी आहे असं मी म्हणत नाही. स्टेंट घातलेला माणूस खुर्चीच्या कडेवर बसून श्वास रोखून धरतो, ते बघवत नाहीच. पण डॉक्टरांना मी स्वतः विचारलं. क्रिकेट बंद करा असं ते म्हणाले नाहीत. जागरण नको, गोळ्यांची वेळ चुकवायची नाही, तासन्‌तास एका जागी बसायचं नाही, एवढंच म्हणाले. आणि टीव्ही गेला तर बाबा काय करतील ते तुला ठाऊक आहे. बाजारातल्या दुकानासमोर उभं राहून बघतील. तिथे ना पंखा, ना पाणी.

बाबांचं बीपी ऋषभ पंत बॅटिंगला आल्यावर चढतं असं तू म्हणतेस. तो डोळे मिटून बॅट फिरवतो असं त्यांनी मनाशी धरलंय, म्हणून प्रत्येक चेंडूला त्यांचा जीव खालीवर होतो. तो काय बघून मारतो हे एकदा ध्यानात आलं की निम्मी धडधड कमी होईल असा माझा अंदाज आहे. म्हणून हे पुढचं सगळं. जरा लांबेल, पण चष्मा लावून वाचा.

बाबा, गोलंदाज धावायला लागला की तुम्ही चेंडूकडे बघता. त्याच्या आधी फील्डिंग बघत जा. गोलंदाज आणि कीपर सोडले तर उरतात नऊ जण. नव्या चेंडूवर कीपरच्या बाजूला झेलासाठी तीन स्लिप आणि एक गली लावली की चार माणसं तिथेच संपली. उरलेल्या पाचांत मैदान राखायचं, म्हणजे स्लिपच्या मागची थर्ड मॅनची सीमा बहुतेक वेळा मोकळीच. मार्च २०२१ मध्ये अहमदाबादला इंग्लंडच्या अँडरसनच्या हातात दुसरा नवा चेंडू होता, आणि पंतने तो उलट्या बॅटने स्लिपच्या डोक्यावरून भिरकावला. तुम्ही तेव्हा ‘गेला!’ म्हणून ओरडला होता. पण त्या फटक्याला जोर लावावाच लागत नाही. वेग गोलंदाजाचा असतो, नवा कडक चेंडू बॅटवरून सुटतो, फलंदाजाने फक्त बॅटचं तोंड वळवून द्यायचं. थोडी कड लागली तरी चेंडू बहुधा उंचच जातो, आणि उंच गेला की तिथे कोणी नसतं. १०१ केले त्या डावात, ११८ चेंडूंत.

फसतो कधी, तेही बघा. डिसेंबर २०२४, मेलबर्न. (त्या दिवशी घरात जे झालं ते आता उकरत नाही.) ऑस्ट्रेलियाच्या बोलंडला पडत-पडत मागे उडवायला गेला, चुकला, चेंडू पोटावर बसला. पुढच्याच चेंडूला पुन्हा तेच. या खेपेला वरची कड लागली आणि चेंडू थेट थर्ड मॅनच्या सीमेवर लायनच्या हातात. २८ वर आउट. त्या फटक्यासाठीच ऑस्ट्रेलियाने मागे माणसं नेऊन ठेवली होती. मोकळ्या जागेचा फटका जागा मोकळी नसताना मारला, चूक ती. गावसकर समालोचनात तीन-तीनदा मूर्खपणा म्हणाले ते मला पटलं, आणि तुम्ही त्याहून मोठ्या आवाजात म्हणालात तेही पटलं. आवाज तेवढा नको होता.

वेगवान गोलंदाजाला पुढे सरसावून मारतो, त्यालाही हिशेब आहे. चांगल्या टप्प्याचा चेंडू स्टंपपासून साधारण सहा ते आठ मीटरवर पडतो. फलंदाज दोन पावलं पुढे आला की तोच टप्पा त्याला जवळचा पडतो आणि स्विंगला वळायला अंतर उरत नाही. शिवाय पॅडवर लागला तरी स्टंप इतके लांब असतात की पायचीत द्यायला अंपायरही कचरतो. मग कीपरला स्टंपजवळ बोलवावं लागतं, आणि कीपर जवळ आला की गोलंदाजाला उसळता चेंडू टाकायची भीती वाटते. नुसत्या सरसावण्याने गोलंदाजाचा एक चेंडू पंतने काढून घेतला. फसतं ते पाऊल लवकर टाकल्यावर. गोलंदाजाने बघितलं की तो आखूड टाकतो.

फिरकीचं सोपं आहे. डावखुऱ्या फिरकीपटूचा चेंडू पंतसारख्या डावखुऱ्या फलंदाजाच्या अंगात येतो, म्हणजे लेगला उचलायचा तर वळणाच्या दिशेनेच. फेब्रुवारी २०२१ ला चेन्नईत त्याने इंग्लंडच्या डावखुऱ्या लीचला असंच झोडपलं, ८८ चेंडूंत ९१. ऑफस्पिनरचा चेंडू मात्र त्याच्यापासून लांब वळतो. त्याच डावात ऑफस्पिनर बेसलाही तसाच उचलायला गेला, आणि झेल घेतला कोणी? लीचनेच.

तुम्ही म्हणाल, सेहवागच्या वेळी मला असं व्हायचं नाही. बाबा, तेव्हा तुम्ही साठीच्या आत होता! सेहवागचे पाय फारसे हलत नसत, पण डोकं स्थिर आणि हात मोकळे. मेलबर्नलाच २००३ मध्ये १९५ वर असताना कॅटिचच्या फुलटॉसला सिक्सर मारायला गेला आणि सीमेवर झेल दिला. पुढच्याच मार्चमध्ये मुलतानला सकलेनला सिक्सर मारूनच ३०० पूर्ण केले. त्या १९५ ने तो घाबरून बसला असता तर? त्याचं खरं मोल मला २००८ च्या चेन्नईत दिसतं. इंग्लंडने ३८७ चं आव्हान दिलं होतं. चौथ्या दिवशी संध्याकाळी त्याने ६८ चेंडूंत ८३ केले, दिवसअखेर १ बाद १३१. उरले २५६ आणि हातात अख्खा दिवस. दुसऱ्या दिवशी सचिनने शतक केलं, सामना जिंकला, पण सचिनला घाई करावी लागली नाही ती त्या ८३ मुळे. दिवसाची षटकं ९० च असतात, वेगाने काढलेल्या धावा म्हणजे दुसऱ्यासाठी राखून ठेवलेला वेळ.

आणि आमच्या मडगावचा दिलीप सरदेसाई असा खेळायचा नाही, हे तुमचं ठरलेलं वाक्य. नसेल. पण १९७१ ला जमैकात ५ बाद ७५ वरून ३८७ झाले, त्यात सरदेसाईंचे २१२. केपटाऊनला २०२२ मध्ये सगळ्यांच्या मिळून १९८, त्यात पंतचे नाबाद १००. समोरची पडझड बघून हातपाय गाळायचे नाहीत, हे दोघांत सारखंच ना? मला तर पंतचे २०२१ चे ब्रिस्बेनचे नाबाद ८९ सगळ्यांत आवडतात. १३८ चेंडूंत केले, म्हणजे शंभराला चौसष्ट. ३२८ चा पाठलाग करताना एका टोकाला पुजाराने अंगावर मार घेत २११ चेंडू खेळून काढले, आणि पंतनेही थांबायचं तिथे थांबून दाखवलं. तुम्ही मात्र त्याचे सिक्सरच लक्षात ठेवता.

आता ऐका, यात काही बदल होणार नाही.

घरच्या कसोटीला साडेनऊला सुरुवात. लंच साडेअकरा ते बारा-दहा, त्यात पेज आणि दुपारची गोळी. पेजेबरोबर चेपणीचे तोर (मिठातल्या कैऱ्या) नकोत, मिठाने बीपी वाढतं. वाटल्यास फोडीचा लहानसा तुकडा, आई देईल तेवढाच. टी दोन-दहा ते अडीच, ती वीस मिनिटं अंगणात चालायचं, पाऊस असला तर सोप्यावर. इंग्लंडची मॅच साडेतीनला सुरू होते, टी रात्री आठ-दहाला, तेव्हा जेवण, आणि दहाला टीव्ही बंद. शेवटचा अर्धा तास सकाळी बघा. मेलबर्नची मॅच पहाटे पाचला सुरू होते, तेव्हा बसायचं नाही म्हणजे नाही. अंघोळ, गोळ्या, पोदेराकडचे पाव आणि चहा उरकून लंचनंतर बसा, सात-चाळीसला.

बीपी मोजायचं ते पंत खेळत असताना नाही. पाच मिनिटं गप्प बसून, पाठ टेकून, दोन्ही पाय जमिनीवर, पट्टा छातीच्या पातळीला, दोनदा मोजून वहीत लिहा. छातीत दुखलं तर जिभेखालची गोळी बसूनच घ्यायची आणि आईने लगेच १०८ ला फोन करायचा, आधी मला नाही. लाईट गेली तर इन्व्हर्टरवर टीव्ही चालतो. स्टुलावर चढायचं नाही, मागचं पुरे झालं.

बाबा, मला ताप आला की तुम्ही मनगट धरून भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसायचा. तसंच आईला आता तुमचं धरू द्या. हात ओढून घेऊ नका.

आणि आई, पंत आला की तू स्वैपाकघरात जातेस ती भाजी ढवळायला नव्हे. दाराआडून बघतेस, बाबांना केव्हापासून ठाऊक आहे. गॅस बंद कर आणि खुर्ची घेऊन बाहेर ये.

तुमची,
बाय