कुलूप तसंच होतं

रत्नागिरी, रविवार

ती. आई-बाबांना सा. न.

बाबा, परवा दादाने ट्रंकेतून लॅपटॉपचं बिल काढलं आणि कशाला विचारल्यावर तो चाचरला. त्याला ओरडू नका, मीच सांगितलं होतं. बिलावर सिरियल नंबर असतो, तो पोलिसांना हवा होता.

मी ठणठणीत आहे. खोली फोडली तेव्हा मी तुमच्यासमोर मोदकावर तूप घालून घेत होते. गणपतीत आठही खोल्यांतली मुलं गावी गेलेली, आणि चतुर्थी कधी हे चोरालाही कॅलेंडरात दिसतं. तुम्ही दिलेलं पितळी कुलूप तसंच बंद होतं हो! खाऱ्या वाऱ्याने कोयंड्याचे स्क्रू गंजले होते, कुलपासकट कोयंडाच उपटला. कलम विचारालच : चोरीचं 305, घरफोडीचं 331, नव्या न्याय संहितेतली. तुमचं जुन्या दंड संहितेतलं 380 गेलं.

लॅपटॉप गेला, हापूसच्या पैशांचा. म्हणूनच आठ दिवस तोंड उघडवेना. प्रबंध ड्राइव्हवर आहे, एक ओळही गेलेली नाही. जुना फोनही गेला, तो आयएमईआय नंबर, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, देऊन संचार साथी या सरकारी पोर्टलवर ब्लॉक केला.

आई, तुझी गोधडी जमिनीवर टाकलेली होती. धुतली, तर ट्रंकेतला कापराचा वासही गेला. त्या रात्री ती डोक्यावरून घेतली, लहानपणी कौलांवर माकडं नाचली की घ्यायचे तशी.

आता रागावू नका. घरून एसटीने जा-ये मी करणार नाही. लायब्ररी आठपर्यंत, त्यानंतर गाडी नाही, आणि मार्गदर्शक सरांना सकाळीच वेळ असतो. नव्या खोलीचं डिपॉझिट भरलंय. पहिला मजला, ग्रील, खाली घरमालकीण काकू. गिझर आहे, पाणी दोन वेळा येतं. काकूंची कुळथाची पिठी जरा पातळ असते, पण जेवते मी पोटभर. दाराला स्टीलचा कोयंडा, स्क्रूऐवजी आरपार नट-बोल्ट. ही अक्कल सुताराने दिली.

बाबा, बघायला म्हणून धावत येऊ नका, गुडघा सांभाळा. बीपीची गोळी नाश्त्यानंतर, आठवेल तेव्हा नाही. आणि मागच्या दाराची किल्ली तुळशीच्या कोनाड्यात ठेवणं आजपासून बंद. अख्ख्या वाडीला ठाऊक आहे ती.

शनिवारी येते, तुमच्यासाठीही कोयंडा घेतलाय. सुताराला सांगून ठेवा. आई, गोधडी आणते, दोन दिवस ट्रंकेत ठेवून दे.

तुमची,
बेबी