मागच्या काचेतली पट्टी

ट्रॉय, मिशिगन
ऑगस्ट, रविवार सकाळ

प्रिय अव्या,

तुझं पत्र आणि फोटो बुधवारी मिळाले. १९५७ ची प्लायमाउथ, आणि ती तुझ्या गॅरेजमध्ये! टॉर्च घेऊन तू खाली शिरलास, पुढच्या स्प्रिंगा सापडेनात, आणि "कुणीतरी काढून विकल्या असणार" असं मालकाला सांगून मोकळा झालास, हे वाचलं आणि लगेच फोन उचलला. पण तिकडे रात्रीचे दोन वाजून गेले होते. शिवाय हे लिहूनच सांगण्यासारखं आहे.

आधी मालकाला सांग, स्प्रिंगा जागेवर आहेत. गाडीच्या लांबीला धरून, दोन्ही बाजूंना एकेक लांब पोलादी दांडा दिसेल. त्याचं पुढचं टोक चाकाच्या खालच्या आर्ममध्ये आणि मागचं टोक चासीच्या आडव्या पट्ट्यात पक्कं बसवलेलं असतं. चाक खड्ड्यावरून वर उचललं गेलं की दांड्याला पीळ बसतो, आणि तो पीळ उलगडायला बघतो तेव्हा चाक परत खाली येतं. हाच टॉर्शन बार. क्रायस्लरने १९५७ ला आपल्या सगळ्या गाड्यांना, स्वस्त प्लायमाउथपासून महागड्या इम्पीरियलपर्यंत, पुढे हाच दिला. एका बोल्टने पीळ कमीजास्त करून पुढची उंची बसवता येते. मात्र त्याला हात लावण्याआधी दांड्याची दोन्ही टोकं जिथे अडकली आहेत तिथला पत्रा ठोकून बघ. त्या वर्षीची मॉडेलं घाईत बाजारात आली आणि लवकर गंजली, हे इथे सगळेच सांगतात. पिळलेला दांडा सडलेल्या पत्र्यातून सुटला तर हात जाईल.

आता मागचे पाटे, म्हणजे पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा, बघ. ॲक्सल पाट्याच्या मध्यावर नाही, पुढे सरकवलेला आहे. पुढचा आखूड भाग ताठ, मागचा लांब भाग मऊ. रेस दिली की गाडीचं ढुंगण खाली बसू नये म्हणून ही रचना.

आता तुझ्या वाक्यावर येतो. "अमेरिकन गाडी म्हणजे चाकं लावलेला पलंग. सरळ रस्त्यावर राजा, घाटात ओझं." हे मत तुझं नाही, अप्पांचं आहे, आणि अप्पांचा अनुभव खरा होता. त्यांची टॅक्सी म्हणजे प्रीमियरने कुर्ल्यात जोडलेली डॉज. उंच, ताठ, बसायला ऐसपैस, आणि वळणावर एका अंगावर कलणारी. पण त्या डॉजवरून तू तुझ्यासमोर उभ्या असलेल्या प्लायमाउथला मोजू नकोस. मध्ये फार काही घडून गेलं.

क्रायस्लरचा डिझाइन प्रमुख व्हर्जिल एक्सनर याला गाडी बुटकी हवी होती. लांब, जमिनीला चिकटलेली, मागे उंच पंख. १९५७ च्या प्लायमाउथची जाहिरातच होती, अचानक १९६० साल उजाडलं म्हणून. ते पंख वाऱ्यात गाडी सरळ ठेवतात असंही कंपनी सांगायची. मला त्यात फारसा दम वाटत नाही, निदान आपण चालवतो त्या वेगाला. पण छप्पर खाली आलं तसं वजनही खाली आलं, आणि खाली इंजिनीअरांनी टॉर्शन बार बसवले. दिसण्यासाठी केलेली गोष्ट वळणाला उपयोगी पडली. त्या वर्षी अमेरिकेतल्या मोठ्या गाड्यांत वळणावर या गाड्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. ब्रेक मात्र चारी ड्रमचे, आणि टायर जुन्या धाटणीचे, तिरप्या धाग्यांचे. त्यामुळे आजच्या गाडीसारखी अपेक्षा ठेवू नकोस.

हे सगळं इतक्या पोटतिडकीने लिहितोय त्याला कारण कालचा दिवस. ऑगस्टचा तिसरा शनिवार म्हणजे इथे वुडवर्ड ड्रीम क्रूझ. १९९५ पासून, २०२० चं वर्ष सोडलं तर, दरवर्षी फर्नडेलपासून पाँटिअ‍ॅकपर्यंतचा वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यू जुन्या गाड्यांनी भरून जातो. लोक सकाळपासून फुटपाथवर खुर्च्या टाकून बसतात. आपल्याकडे पालखी बघायला जसे रस्त्याच्या कडेला जागा धरून बसतात ना, तसं. मी रॉयल ओकला एका दुकानासमोरच्या पार्किंगमध्ये उभा होतो, आणि तिथे एका चंदेरी कॉर्व्हेटभोवती, म्हणजे जनरल मोटर्सच्या शेवरोलेच्या स्पोर्ट्स गाडीभोवती, सत्तरी ओलांडलेल्या दोघांचं जुंपलं होतं.

गाडी १९६३ ची स्टिंग रे कूपे. तिच्या मागच्या काचेच्या बरोबर मधोमध छपरापासून शेपटीपर्यंत एक पट्टी उतरते आणि काचेचे दोन तुकडे करते. ही पट्टी फक्त त्या एका वर्षी होती. जनरल मोटर्सचा डिझाइन प्रमुख बिल मिचेल याला ती गाडीचा कणा वाटायची. कॉर्व्हेटचा इंजिनीअर झोरा आर्कस-डंटॉव्ह याला ती नको होती, कारण आरशात मागचं काहीच धड दिसत नाही. दोघांचं कडाक्याचं भांडण झालं. १९६३ ला मिचेल जिंकला, १९६४ ला पट्टी गेली.

काल त्यातला एक म्हातारा म्हणत होता, "ड्रायव्हरला आंधळं करणारं सौंदर्य कसलं?" दुसरा, गाडीचा मालक, त्या पट्टीवरून तळहात फिरवत म्हणाला, "ही काढलीस तर उरतं काय?" साठ वर्षं होऊन गेली, अव्या. मिचेल गेला, डंटॉव्ह गेला, आणि भांडण एका पार्किंगमध्ये तसंच चालू आहे. गंमत म्हणजे त्या काळी काही मालकांनी स्वतःच्या पैशाने पट्टी कापून नव्या मॉडेलची अखंड काच बसवून घेतली. आज पट्टीवाल्या गाडीलाच जास्त किंमत येते.

मी तासभर ऐकत होतो. मला विचारशील तर मी डंटॉव्हच्या बाजूचा. त्या गाडीच्या पोटात त्याने काय केलंय बघ: मागची दोन्ही चाकं स्वतंत्र, खाली एकच पाटा तोही आडवा, या चाकापासून त्या चाकापर्यंत. पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर आधीच्या १०२ इंचांवरून ९८ वर आणलं. वळणावर एक चाक खड्ड्यात गेलं तरी दुसऱ्याला पत्ता लागत नाही. आणि वरचं शरीर? दिसायला धारदार, पण वेगात वारा खालून नाक उचलायला लागतो. खालचा माणूस गाडी रस्त्याला बांधायला बघतोय आणि वरचा ती सोडवायला. एकाच गाडीत दोघांचं भांडण तसंच ओतलेलं आहे. तरीही मी घरी निघताना तीन वेळा मागे वळून बघितलं, हेही खरं.

म्हणून मला वाटतं, रूप आणि वळण यांचा वाद असा गाडीच्या बाहेर उभं राहून सुटत नाही. ज्या गाडीत दोघांनी एकमेकांचं ऐकलं ती शोधावी लागते. माझ्यासाठी ती गाडी म्हणजे १९६५ ची शेवरोले कॉर्व्हेअर.

कॉर्व्हेअरचं नाव तू बदनामीतच ऐकलं असशील. १९६० ला आली, इंजिन मागे, हवेने थंड होणारं, सहा सिलिंडरचं. मागचे ॲक्सल फक्त गिअरबॉक्सजवळ सांधलेले. म्हणजे दार बिजागरीवर फिरावं तसं चाक वरखाली झुलणार आणि झुलताना तिरकं होणार. जोरात वळण घेतलं, घाबरून रेस सोडली, की बाहेरचं चाक गाडीखाली दुमडायचं आणि मागची बाजू उचलून फेकली जायची. कंपनीचा उपाय काय, तर हवा: पुढे १५ पौंड, मागे २६. तूच सांग, कुठला पेट्रोल पंपवाला पोरगा पुढे १५ भरेल? चारी चाकांत सारखी भरायचे, आणि होता तो तोलही जायचा. १९६४ ला मागे आडवा पाटा आणि पुढे अँटी-रोल बार, म्हणजे वळणावर गाडी कलू नये म्हणूनचा दांडा, घातला. १९६५ ला मागचं सगळं सस्पेन्शन नव्याने केलं, कॉर्व्हेटच्या धर्तीवर. गाड्यांच्या सुरक्षिततेसाठी लढणारे वकील राल्फ नेडर यांचं पुस्तक त्याच वर्षाच्या शेवटी आलं, पहिलंच प्रकरण कॉर्व्हेअरवर. दोष दुरुस्त झाला तेव्हा दोषाची बोंब झाली. १९७२ ला सरकारी चाचण्यांनी म्हटलं की जुनी कॉर्व्हेअरसुद्धा तिच्या काळातल्या इतर गाड्यांपेक्षा वाईट नव्हती. पण गाडी १९६९ लाच बंद झालेली. नेडर यांच्यावर मला राग नाही. त्या हवेच्या आकड्यावर लोकांचे जीव टांगून ठेवणं चूकच होतं.

पण त्या १९६५ च्या गाडीकडे एकदा बघ. पुढे रेडिएटर नाही, म्हणून पुढे जाळी नाही, आणि खोटी जाळीही लावलेली नाही. दारांच्या मध्ये खांब नाही. क्रोमचा सोस नाही. कमरेवरून मागच्या चाकावर चढणारी एकच रेघ, आणि ती जिथे फुगते तिथेच इंजिन आहे. मिचेलच्याच हाताखालच्या लोकांनी केलेली गाडी ही, पट्टीसाठी भांडणाऱ्या त्याच मिचेलच्या.

मे महिन्यात इथल्या एका मित्राने मला त्याची चालवायला दिली. आधी गेज लावून चारी टायरची हवा मोजली, मगच किल्ली हातात ठेवली. हाइन्स ड्राइव्ह म्हणून रूज नदीच्या काठाकाठाने जाणारा रस्ता आहे, सारखा वळणारा, दोन्ही बाजूंना झाडी. पॉवर स्टेअरिंग नाही, पण वजन मागे असल्याने पुढची चाकं दोन बोटांवर फिरतात. पहिल्या दोन वळणांना माझे खांदे आखडलेले होते. तिसऱ्या वळणाला रस्त्याचा खडबडीतपणा तळहाताला कळायला लागला, आणि मागची बाजू शांतपणे मागोमाग येत राहिली. अव्या, त्या क्षणी मला बाहेरून पाहिलेली ती रेघ आतून जाणवली. याहून नीट मला सांगता येत नाही.

तर आता तुझं काम. प्लायमाउथला घाईने रुंद टायर टाकू नकोस, उगाच स्टेअरिंग जड होईल. पुढची उंची आधी दोन्हीकडे सारखी कर, शॉकअप नवे घाल, आणि मालक तयार असेल तर आंबोलीचा घाट एकदा उतरून-चढून ये. ब्रेकवर भिस्त ठेवू नकोस, उतारावर गिअरमध्येच ठेव. शेजारच्या सीटवर अप्पांना बसव. ते काय म्हणतात ते त्यांच्याच शब्दांत लिहून पाठव. चांगलं नसलं तरी चालेल.

काकूंना आणि वहिनींना नमस्कार. दांड्यांच्या टोकांचे फोटो विसरू नकोस.

तुझा,
श्री